वासुअण्णांची मेलेली जीभ

वासुअण्णा सदलगे जेवता जेवता मध्येच उठून सिगरेट ओढून यायचे. जेवणाआधी नाही, जेवणानंतर नाही, मध्ये. वरणभात संपला की उजवा हात उष्टा तसाच धरायचा, डाव्या हाताने खिशातलं पाकीट काढायचं, अंगणात उकिडवं बसून धूर सोडायचा आणि परत पाटावर येऊन ताकभात कालवायला घ्यायचा. अडचण एवढीच, की काडी एका हाताने पेटवता येत नाही. मग समोरून जो जाईल त्याला थांबवायचं. आम्ही त्या वठारात राहायला गेलो त्या पहिल्याच दुपारी त्यांनी मला थांबवलं.

"वैनी, नव्या दिसताय. स्वल्प काडी ओढता काय?"

मी काडी ओढली नाही, दार ओढून घेतलं.

ही गोष्ट साठ सालाच्या आसपासची. आमच्या ह्यांना बंगळूरच्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली आणि पुण्याचं बिऱ्हाड उचलून आम्ही यशवंतपूर स्टेशनच्या अलीकडे एका वठारात येऊन पडलो. कानडीत वठार म्हणजे आपल्याकडच्या चाळीसारखंच, फक्त वर न चढता जमिनीवर पसरलेलं. मधोमध अंगण, अंगणात एक नळ, आणि चहूबाजूंनी खोल्या. एकाच्या घरी कांदा चिरला तर सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. त्यात आमच्या शेजारचं दार वासुअण्णांचं. म्हणजे त्यांचा धूर आमच्या घरात भाडं न देता राहायचा.

माणूस दिसायला कसा, तर अंगावर मांस असं नव्हतंच. त्यांचा शर्ट दोरीवर वाळत असो की अंगात असो, सारखाच दिसायचा. दात खैरासारखे तपकिरी, बोटांची टोकं पिवळी, आणि सकाळी चूळ भरली की नळाच्या मोरीत रक्त. "हिरड्या स्वल्प हळव्या आहेत माझ्या," असं वर सांगायचे. हिरड्या हळव्या म्हणे. पहाटे त्यांना जो खोकला लागायचा त्यावर अख्खं वठार उठायचं, आणि गवळी तर म्हणायचा की या घराची कडी वाजवायची गरजच पडत नाही.

आता असा माणूस नोकरी कुठे करत असेल? पोषणाच्या प्रयोगशाळेत. सरकारी प्रयोगशाळा होती, तिथे पांढरे उंदीर पाळलेले. कुणाला नुसता भात, कुणाला नाचणी, कुणाला शेंगदाण्याची पेंड. उंदरांना मापून खायला घालायचं आणि कोण किती वाढला ते वजन करून साहेबांना सांगायचं, हे वासुअण्णांचं काम. उंदीर गुबगुबीत आणि चारणारा हा असा. आमचे हे म्हणायचे, एखाद्या दिवशी वासुअण्णाच चुकून पिंजऱ्यात राहिले तर साहेब त्यांना नुसत्या भाताच्या गटात घालतील.

पण या नोकरीने एक झालं. वासुअण्णांच्या तोंडात शास्त्र आलं. तोंडात आधीच सिगरेट होती, त्यामुळे दोन्ही बरोबरच बाहेर पडायचं. "स्वल्प शास्त्र बघा की, वैनी," अशी सुरुवात झाली की मी सुपातले तांदूळ भराभर निवडायला लागायची.

"धुरानं काय होतंय, अंगातलं क जीवनसत्त्व जळतंय. ते जळालं की हिरड्या जातात, जखम भरत नाही, सर्दी सुटत नाही. आमच्या साहेबांनी स्वतः सांगितलंय."

"मग ओढता कशाला?"

"म्हणून तर हे." आणि उजव्या खिशातून आवळा काढायचे. डाव्या खिशात सिगरेटी, उजव्या खिशात आवळे. "एका सिगरेटीनं जेवढं जळतंय, तेवढं एक आवळा भरून काढतोय. जमलं की नाही?"

"सिगरेट सोडली तर आवळाही नको."

ते विचारात पडायचे. "मग आवळा कशासाठी खायचा, वैनी?"

काय बोलायचं या माणसाशी? धुराने भूक मरते हे त्यांना ठाऊक होतं, पोट जळतं हे ठाऊक होतं, चव जाते हेही ठाऊक होतं. सगळं ठाऊक असूनही माणूस इतका गाढव राहू शकतो, हे मी त्यांच्याकडे बघून शिकले. टंचाईचे दिवस होते, दुकानात गहू मिळायचा नाही. तर म्हणे, "अशा दिवसांत भूक मेलेली बरी की." गाव निपाणी, तिथे तंबाखूच्या वखारी. "आमच्या गावात न ओढणारासुद्धा ओढतोयच, वैनी. हवाच तशी." म्हणजे दोष हवेचा, गावाचा, टंचाईचा. यांचा एकट्यांचा तेवढा कशातच नाही.

आणि हे सगळं जिला सोसावं लागायचं ती इंदूअक्का, त्यांची बायको. ठेंगणी, नीटनेटकी, बोलायला अगदी कमी. आम्ही नवे म्हणून त्यांनी एकदा जेवायला बोलावलं. अक्कांनी आमटी वाढली, मी भुरका मारला आणि माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली. मीठ म्हणजे किती मीठ. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. आम्ही काही बोलायच्या आत वासुअण्णा समोरून म्हणाले,

"खारट लागतंय ना? मीच सांगितलंय तिला. माझी जीभ मेली आहे हो, या धुरानं. एवढं मीठ घातल्याशिवाय मला काही कळतच नाही."

अक्का खाली मान घालून भात वाढत होत्या. मला असा संताप आला. स्वतःची जीभ जाळली ती जाळली, वर घरादाराला आणि आल्यागेल्याला समुद्र पाजायचा. त्या बाईने चांगलं रांधायचं तरी कुणासाठी? घरी येताना मी ह्यांना म्हटलं, हा माणूस माझा नवरा असता तर मी त्याला त्याच्या त्या उंदरांत नेऊन सोडलं असतं.  हे तांब्याने पाणी पीत होते.

पुढे अनुभव येत गेले तसं कळलं, की याला नेम नाही. एकदा सणाला त्यांच्याकडची भाजी आली ती पार अळणी. मी वाटी परत द्यायला गेले तर वासुअण्णा दारातच. "आज मीठ बंद केलंय, वैनी. रक्ताचा दाब. शास्त्र आहे त्यात." एकदा करपलेला भात. "करपलेल्यात कोळसा असतोय. पोटातला वायू ओढून घेतोय." एकदा नासलेल्या दुधाची कॉफी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणे, "आंबलेल्यात ब जीवनसत्त्व किती वाढतंय ठाऊक आहे?" रोज नवं शास्त्र, आणि रोजच्या रोज अक्कांना तसं करायला लावायचं. घरमालकीणबाई शांतम्मा कपाळाला हात लावायच्या. वठारातल्या सगळ्या बायकांचं एकमत होतं, की अशी सोशिक बाई बघायला मिळायची नाही आणि असा विक्षिप्त नवराही. मी अक्कांना एकदा स्पष्टच म्हटलं, त्यांचं काय ते वेगळं रांधा आणि तुम्ही माणसासारखं जेवा. अक्का नुसत्या हसल्या.

मग व्हायचं ते झालंच. एका सकाळी वासुअण्णा नळावर चूळ भरायला गेले आणि तिथेच बसले, पोट धरून. उलटी झाली, तीत रक्त. हिरड्यांचं नव्हे, पोटातलं. ह्यांनी आणि घरमालकांनी त्यांना टांग्यात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. मी अक्कांबरोबर गेले.

डॉक्टर कानडी होते, पण आम्हाला सगळ्यांना समजेल असं बोलले. पोटात जखम आहे. उपाशीपोटी धूर घेऊन घेऊन पोटाची आतली कातडी सोलून निघाली आहे. शस्त्रक्रिया करावी लागेल, पण आत्ता नाही. या अंगाला सुरी लावली तर टाके धरणारच नाहीत, कारण जखम भरून यायला अंगात काही उरलेलंच नाही. आधी सिगरेट पूर्ण बंद. दूध, मऊ भात, पेज, बेताचं मीठ, तिखट अजिबात नाही. अंगावर मांस चढलं तर परत या, कापू. नाही चढलं तर मी काही सांगू शकत नाही. एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले. अक्कांनी माझा हात धरला होता तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

मी त्याच दिवशी ठरवलं, की आता या घरात स्वयंपाक माझा जाणार. बेताचं मीठ म्हणजे काय ते त्या घराला ठाऊक नव्हतं. मी दुपारी मऊ भात, वर साजूक तूप, असा डबा नेला. वासुअण्णा त्यांच्या बाहेरच्या खोलीत खाटेवर पडलेले. डब्याकडे बघून म्हणाले,

"नको, वैनी. मी इंदूच्या हातचंच खातोय."

"इंदूच्या हातचं खाऊनच ही वेळ आली तुमच्यावर. तेही तुम्हीच सांगून सांगून."

"असूदे."

"अहो, मरायला टेकलात तुम्ही."

"असूदे की," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं. उशीखाली पाकीट होतं, ते मला दिसलं. मला एवढंच कळलं की हा माणूस माजलेला आहे. डबा तसाच घेऊन मी बाहेर पडले आणि घरी येऊन भांडी आपटली.

असे काही दिवस गेले. अक्का पेज करायच्या, ती कधी खारट, कधी अळणी. ते दोन घास खायचे, कळवळायचे, आणि भिंतीला धरून अंगणात जाऊन धूर सोडायचे. अंगावर मांस चढायचं राहू दे, होतं ते उतरत होतं. डॉक्टरांनी सांगितलं तसं झालं नाही तर पुढे काय, हे वठारात सगळ्यांना दिसत होतं. आणि दिसत असून तो माणूस ओढत होता. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

एका सकाळी अंगणात दूध करपल्याचा वास सुटला. असा, की शांतम्मा त्यांच्या माजघरातून ओरडल्या. मी धावत अक्कांच्या स्वयंपाकघरात गेले. शेगडीवरचं पातेलं बुडाशी काळं ठिक्कर, दूध आटून धूर निघतोय. आणि अक्का तिथेच, शेगडीकडे पाठ करून, दोन हातांच्या अंतरावर बसून तांदूळ निवडत होत्या. अगदी शांतपणे.

"अक्का, दूध."

त्या वळल्या. आधी पातेल्याकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळ्या वठाराला आलेला वास त्यांना आलाच नव्हता.

मी पातेलं उतरवलं, दार लोटलं आणि त्यांच्यासमोर बसले. अक्का बराच वेळ सुपातल्या तांदळांवरून हात फिरवत राहिल्या.

"लग्न झाल्यावर वर्षाच्या आतच विषमज्वर झाला मला," त्या म्हणाल्या. "ताप उतरला, पण नाक आणि जीभ गेली ती गेलीच. काही म्हणता काही कळत नाही. अंदाजानं करते."

"आणि हे वासुअण्णांना ठाऊक आहे?"

"त्यांनाच तेवढं ठाऊक आहे. सासूबाईंनी एकदा आमटी तोंडात घेतली आणि ताट सरकवलं. हिला मिठाचं मापसुद्धा कळत नाही, म्हणाल्या, पोचवा हिला माहेरी. हे शेजारीच जेवत होते. म्हणाले, मीच सांगितलंय तिला मीठ घालायला. मी सिगरेट ओढतोय, माझी जीभ मेली आहे. मग सासूबाईंनी मला सोडलं आणि ह्यांना धरलं."

"म्हणजे तोवर..."

"तोवर ओढत नव्हते. बोलून गेले, मग आईसमोर ओढावी लागली. खोटं पडायला नको म्हणून." अक्कांनी सुपातला एक खडा वेचून टाकला. "मग आवडायला लागली. तेही खरंच आहे."

मला हसावं का रडावं कळेना. शास्त्र, शास्त्र म्हणून या माणसाने आमचे कान किटवले होते, आणि त्यात शास्त्र कुठलं? आधी आमटी ताटात पडायची आणि मग शास्त्र जन्माला यायचं. भात करपला की कोळसा चांगला, दूध नासलं की जीवनसत्त्व.

"आता डॉक्टर सोडा म्हणतात," अक्का म्हणाल्या. "मी रोज सांगते, सोडा. ते म्हणतात, सोडली की लोक म्हणणार, आता तर जीभ परत आली असेल, मग इंदूची आमटी खारट का? मी म्हटलं, म्हणू देत लोक. ऐकत नाहीत." आणि मग पदर तोंडाला लावून ती बाई रडली. माझ्यासमोर पहिल्यांदाच.

मी उठले ती तडक बाहेरच्या खोलीत. वासुअण्णा उशीवर टेकून बसलेले. त्यांना भिंतीतून सगळं ऐकू गेलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसतच होतं.

"वैनी, स्वल्प शास्त्र बघा की. नाकातल्या..."

"चुलीत गेलं तुमचं शास्त्र," मी म्हटलं. "बायकोची आमटी झाकायला पोटाची चाळण करून घेतलीत. दुसरं काही सुचलं नाही? वैद्यांनी मीठ वाढवायला सांगितलंय म्हणायचं होतं, देवाला नवस बोललोय म्हणायचं होतं. आणि उद्या तुम्ही गेलात की ती बाई कुणासाठी अंदाज करत बसणार आहे?"

त्यांनी उशीखालच्या पाकिटावर हात ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "कुणाला सांगू नका, वैनी."

"ते पाकीट इकडे द्या. मीठ आजपासून माझ्याकडे."

पाकीट दिलं त्यांनी. एवढं सहज देतील असं वाटलं नव्हतं. मग मला पुढचं सगळं जमवावं लागलं. मी वठारात जाहीर केलं की अक्कांकडून निपाणीकडची आमटी शिकायची आहे, आणि रोज स्वयंपाकाच्या वेळी त्यांच्याकडे जाऊन बसायला लागले. पुण्याची बाई निपाणीची आमटी शिकते हे शांतम्मांना फार आवडलं. मी मीठ घालायची, दुधावर नजर ठेवायची, आणि बाकी सगळं अक्का करायच्या. आणि खरं सांगते, त्या बाईच्या हाताला मिठाखेरीज काही शिकवायची गरज नव्हती.

वासुअण्णांनी मात्र सिगरेट सोडताना आम्हाला छळलं. उगाच चिडायचे, अंगणात येरझारा घालायचे, खिशात हात घालून आवळाच हाती आला की तोंड वाकडं करायचे. रोज सकाळी खोकून खोकून काळं काय काय बाहेर पडलं ते सांगत नाही. पण दोनेक आठवड्यांनी एका दुपारी त्यांनी स्वतः होऊन भात मागितला. मग पेज मागितली. मग मी आणलेल्या केळ्यांकडे बघायला लागले. त्यांना भूक लागल्याचं बघून अक्का इतक्या गोंधळल्या, की तूप वाढायचं सोडून वाटी हातात घेऊन उभ्याच राहिल्या. हळूहळू हिरड्यांतलं रक्त थांबलं, गालावर थोडा रंग आला, शर्टाच्या आत कुणीतरी आहे असं वाटायला लागलं. डॉक्टरांनी बघितलं, मान डोलावली आणि शस्त्रक्रिया केली. टाके धरले.

ते घरी आल्यावर वठारातल्या बायका त्यांना बघायला गेल्या. नेमकी मी तेव्हा दुकानात साखरेच्या रांगेत अडकले होते. परत आले तो अक्कांनी एकट्यांनीच उप्पीट करून सगळ्यांना बशा दिलेल्या. मी दारात पोचले आणि शांतम्मांनी पहिला घास घेतला. त्यांचं तोंड बघून मला काय झालंय ते कळलं.

"उप्पु जास्ती," शांतम्मा म्हणाल्या. म्हणजे मीठ जास्त. बाकीच्याही बशीत बघायला लागल्या. आणि मग सगळ्यांच्या माना अक्कांकडे वळल्या, कारण आता वासुअण्णांची सिगरेट सुटलेली, जीभ परत आलेली, आणि हे ते दवाखान्यातून आल्यापासून भेटेल त्याला कौतुकाने सांगत होते.

वासुअण्णांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघत होते. एवढी वर्षं ज्या तोंडातून शास्त्र कधी संपलं नाही, त्यातून एक शब्द बाहेर येईना. अक्का हातात पातेलं घेऊन भिंतीशी उभ्या होत्या.

"मीठ मी घातलंय," मी दारातून म्हटलं. "रांगेत जायच्या घाईत घालून गेले. दोनदा पडलं वाटतं."

पुण्याहून आल्यापासून माझ्या हातचं काही बिघडलंय असं त्या वठारात कुणी म्हणू शकलं नव्हतं. सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या. एकजण तर फारच मन लावून हसली. मी ते ऐकून घेतलं.

वासुअण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "असूदे की, वैनी. पुण्याच्या लोकांचा हात मिठाला सैलच असतोय."

त्यावर आणखी हशा झाला आणि बोलणी दुसरीकडे गेली. वासुअण्णांनी मांडीवरची बशी संपवली होती. आता त्यांच्या जिभेला सगळं कळत होतं. त्यांनी रिकामी बशी अक्कांपुढे धरली आणि म्हणाले, "इंदू, अजून स्वल्प वाढ."